ढोमणे सरांचं लाइन क्लिअर

ढोमणे सरांनी एकदा एका अनोळखी गृहस्थाचा अमरावतीच्या जयस्तंभापासून थेट स्टेशनापर्यंत पाठलाग केला होता. कारण एवढंच, की त्या गृहस्थाने टांगेवाल्याशी बोलताना एक इंग्रजी वाक्य सुरू केलं आणि ते पुरं व्हायच्या आत टांगा सुटला. सर सायकलवरून मागे. स्टेशनाशी गृहस्थ उतरले, पाहतात तो पुढ्यात धोतर, काळा कोट, घामाने थबथबलेला चेहरा आणि हातात उघडी वही.

"माफ करा साहेब, थे तुमचं वाक्य अर्धं राह्यलं. पुढे काय होतं?"

गृहस्थ आधी घाबरले, मग चिडले. चिडल्यावर ते इंग्रजीत जे काही बोलले तेही सरांनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं आणि वर हात जोडून आभार मानले. ही हकिगत मला स्वतः सरांनीच सांगितली, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही आहे असं वाटल्याचं दिसलं नाही.

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. नवं राज्य झालं होतं, गावोगाव इंग्रजीचे वर्ग उघडत होते आणि इंग्रजी शिकवणारी माणसं मिळत नव्हती. म्हणून अमरावतीत एक प्रशिक्षण वर्ग निघाला. धारणीपासून मूर्तिजापुरापर्यंतचे मास्तर आणि मास्तरणी सहा-सहा महिने तिथे येऊन राहत. त्यांना इंग्रजी शिकवायला शिकवणारे मुख्य होते ढोमणे सर, आणि त्यांच्या हाताखाली मी.

माझंही सांगून टाकतो. जन्म माझा अकोल्याचा, पण बी.टी. ही शिक्षकीची पदवी पुण्याची. त्या एका वर्षात मी पुण्याहून एक छत्री, एक चष्मा आणि इंग्रजीचे उच्चार एवढा ऐवज घेऊन परतलो होतो. छत्री पहिल्याच पावसाळ्यात हरवली, उच्चार मात्र मी जिवापाड जपले. सर मला कधी नावाने हाक मारत नसत. "का हो पुनेकर," असंच म्हणत. मी अकोल्याचा आहे हे मी चारदा सांगितलं. पाचव्यांदा ते म्हणाले, "असान बाप्पा, मी कोठी नाई म्हणतो?" आणि पुन्हा पुनेकर.

सरांच्या त्या वहीला वर्गात सगळे 'नमुना वही' म्हणत. तिच्यात रकाने आखलेले असत. नमुना, कोणी म्हटला, कुठे, कशापायी, आणि शेवटचा रकाना: समजलं का? मूर्तिजापूरच्या तिकीट खिडकीवरचा नमुना होता, "ट्रेन इज कमिंग, बट शी इज नॉट टेलिंग." गाडी येतेय, पण कधी ते सांगत नाही. शेवटच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं: समजलं, प्रवासी घरी जाऊन जेवून आला. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी: "साहेब इज इनसाइड, बट नॉट फॉर यू." समजलं. मेळघाटातला एक वनरक्षक: "टायगर गो. देन यू गो." समजलं, ताबडतोब. आणि त्याच्याच खाली एका नामांकित वकिलाचं, दीड पान भरणारं, व्याकरणात कुठेही बोट ठेवायला जागा नसलेलं वाक्य. समजलं का? नाही. पक्षकाराला नाही, वकिलालाही नाही.

दर शनिवारी वर्गातल्या प्रत्येकाने असा एक नमुना आणायचा, ही सरांची सक्ती. पुस्तकातला चालत नसे, खऱ्या माणसाच्या तोंडचा हवा. मग त्यावर तासभर चर्चा. हसायला बंदी नव्हती, पण हसणाऱ्याला सर उभं करत आणि विचारत, "हसून राहिले तुमी, पण समजलं का नाई?" समजलं म्हटलं की विचारत, "मंग त्या माणसाचं काम झालं का नाई?" झालं म्हटलं की सर उजवा हात खांद्याच्या वर सरळ उभा धरत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "लाइन क्लिअर!"

हे लाइन क्लिअर म्हणजे सरांचा तकियाकलाम. प्रशिक्षणार्थी अडखळत का होईना एक वाक्य बोलला, समोरच्याला कळलं, की सरांचा हात वर. कँटीनमध्ये चहा मनासारखा झाला तरी हात वर. लाल शाई ते वापरत नसत. टाचणवहीवर शेरा द्यायचा तर पेन्सिलीने, आणि तोही प्रश्न म्हणून. महिन्यातून एका रविवारी ते एकटेच मूर्तिजापूरला जात आणि फलाटावरच्या एका ठरावीक बाकावर दुपारभर बसून परत येत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, दोन खोल्यांत एकटा माणूस. मला वाटायचं, आगगाडीचा नाद असेल आणि जोडीला नमुने मिळत असतील.

हे सगळं मला पटत होतं असं समजू नका. माझ्या मते चूक ती चूक. सर घरी गेले की मी लाल शाईची दौत काढायचो आणि त्यांनी पेन्सिलीने सोडलेल्या वह्या पुन्हा तपासायचो. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा एवढंच म्हणाले, "पुनेकर, तुमची शाई लय खपते."

अशात एका तुकडीत गवईबाई आल्या. विमल गवई, नांदगाव खंडेश्वरच्या, वय तिशीचं, अंगाने किरकोळ, डोळे मात्र पाणीदार. बाकीच्यांचं इंग्रजी विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं एकेक शब्द वर येई. गवईबाई धबधब्यासारख्या बोलत. न थांबता, न घाबरता, आणि व्याकरणाला वळसा घालून. पहिल्याच सराव पाठाला त्या वर्गात शिरल्या आणि म्हणाल्या, "ऑल सिटिंग प्रॉपर? हॉट क्वेश्चन कमिंग. माइंड युवर माउथ." पाठ संपल्यावर माझ्याकडे वळून, "लेसन फिनिश, सर. एनीथिंग मोर वॉन्टिंग?"

सराव शाळेची पोट्टी त्यांच्यावर फिदा होती. मी मात्र कपाळाला हात लावला. चौकशी केली तेव्हा कळलं, की बाईंचे वडील चिखलदऱ्याला साहेबांच्या बंगल्यावर खानसामा होते. तीस वर्षं. लहानपणी बाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून त्यांचं आणि मडमेचं बोलणं ऐकत, आणि बापलेक घरी तेच इंग्रजी आपसात बोलत. सरांना हे कळल्यावर त्यांनी नमुना वहीची चार पानं एका दिवसात भरली.

पण बाईंचं पुढचं सगळं त्या सहा महिन्यांवर होतं. शेवटी पुण्याहून तपासनीस यायचे, त्यांच्यापुढे पाठ द्यायचा. पास झाल्या तर हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून कायम. नापास झाल्या तर परत पहिली-दुसरीचा वर्ग, तोही बदलीच्या जागी, आणि म्हातारा बाप नांदगावात एकटा. हे मला बाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, "सर, मले काही करून पास व्हायचं आहे. तुमी सांगाल थे करतो."

मी सांगितलं. आणि इथे मी जे केलं त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. मी त्यांना आठ दिवस घोटवलं. पाठ माझा, वाक्यं माझी, उच्चार पुण्याचे. ओठ कसे मुडपायचे ते पाहायला त्यांना हातआरसा आणायला लावला. न बोलण्याच्या शब्दांची एक यादी केली, ती पानभर झाली. आणि शेवटी बजावलं, "तपासनीसांनी विचारलं इंग्रजी कुठे शिकलात, तर शाळेत म्हणा. खानसाम्याचा विषय काढू नका."

बाईंनी मान हलवली. नंतरचे दोन दिवस त्या मुळीच बोलल्या नाहीत, ना इंग्रजी ना मराठी. मी समजलो, तयारी चालली आहे. ढोमणे सरांनी विचारलं, "पुनेकर, बाई चूप काहून?" मी म्हटलं, "सुधारतायत." सर माझ्याकडे बघत राहिले.

पाठाचा दिवस उजाडला. धडा होता बाजाराचा. टेबलावर टोपलीत वांगी, टमाटे, कोथिंबीर. मागच्या बाकांवर आम्ही आणि मधे तपासनीस. गोरे, उंच, परीटघडीचे, मोजकं बोलणारे. गवईबाई आत आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि माझं पहिलं वाक्य म्हणाल्या. "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. टुडे वी शॅल एंडेव्हर टु अ‍ॅक्वेंट अवरसेल्व्ह्‌ज विथ द मार्केट प्लेस."

उच्चार अगदी माझ्यासारखे. पोट्टी एकमेकांकडे पाहायला लागली. दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीने काळजीने विचारलं, "बाई, तुमाले बरं नाई का?"

बाईंनी दुसरं वाक्य सुरू केलं आणि ते मधेच तुटलं. ओठ मुडपलेले तसेच राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तपासनीसांनी घड्याळ पाहिलं. बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, पुढचा शब्द सांगा म्हणून. माझ्याही तोंडून तो येईना. आठ दिवस घोटवणारा मी, त्या वेळी मलाही काही आठवलं नाही.

तेवढ्यात शेजारी खुर्ची करकरली. ढोमणे सर उभे राहिले होते. पाठ चालू असताना मागच्याने बोलायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. सरांनी उजवा हात सरळ वर धरला.

"गवईबाई," ते म्हणाले, "लाइन क्लिअर."

तपासनीस गर्रकन वळले. सर हात वर धरून उभेच.

बाईंनी पदराने डोळे पुसले. टोपलीतलं एक वांगं उचललं, वर्गाला दाखवलं आणि म्हणाल्या, "नाऊ लुकिंग हिअर. मी सेलिंग, यू बाइंग. हू कमिंग फर्स्ट? नो पुशिंग!"

मग काय विचारता. सगळा वर्ग उठला. कोणी भाव विचारतंय, कोणी वांगं किडकं असल्याची तक्रार करतंय, सगळं इंग्रजीत. जे पोर वर्षभर इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसायचं ते तावातावाने म्हणालं, "धिस टमाटा ओल्ड मॅन! गिव्ह यंग!" बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. त्याच्या शेजारी पुस्तकातलं तेच वाक्य लिहिलं, आणि दोन्हींवर खडू टेकवत सांगितलं, "बाजार सेइंग धिस. बुक सेइंग धिस. बोथ गुड. बाजार गोइंग, धिस टेकिंग. एक्झाम कमिंग, बुक सर्व्हिंग. अंडरस्टँड?"

"येस, बाई!" छप्पर उडेल असा आवाज.

पाठ संपला. तपासनीसांनी बाईंना जवळ बोलावलं. आवाज नरम नव्हता. "पाठ जिवंत होता. पण हे इंग्रजी आपण कुठे शिकलात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मान वर करून, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माय फादर, सर. चिखलदरा बंगला खानसामा. थर्टी इयर. ही टीचिंग मी."

तपासनीस सरांकडे वळले. "ढोमणे, हे असंच चालू द्यायचं?"

"साहेब," सर म्हणाले, "पुस्तकातलं इंग्रजी बाई शिकवतातच, तुमी फळ्यावर पाह्यलं. थे पुस्तकात आहेच, कोठी पळून जात नाई. पण पोट्ट्याले तोंड उघडायची हिंमत लागते, थे पुस्तकात नाई. थे बाईपाशी आहे. आमी मास्तर लोकाले हेच शिकवून राहिलो, का पोट्टा जे इंग्रजी घेऊन येईन, त्याचा आधी मान ठेवा. मंग त्याच्या हातात दुसरं द्या." आणि थोडं थांबून, "तुमचंही इंग्रजी आमच्या वहीत आहे, साहेब. सकाळी गेटवर चपराशाशी बोलले थे. समजलं त्याले."

तपासनीसांनी वही मागवली. स्वतःचं वाक्य वाचलं. मागची पानं चाळून वनरक्षकाचं वाचलं, त्याच्या वरचं पहारेकऱ्याचं वाचलं. मिशीच्या आत काहीतरी हललं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि गवईबाईंच्या कागदावर पास असं लिहून खाली सही केली. बाईंनी दोन्ही हात जोडले. मी वळून पाहिलं, तर सर खुर्चीवर नव्हते. बाहेर व्हरांड्यात खांबाकडे तोंड करून उभे होते आणि खांद्यावरच्या उपरण्याने चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मी जाऊन म्हटलं, "सर, चुकलं माझं."

"चुकते बाप्पा माणूस," ते म्हणाले. "रविवारी मोकळे आहा? नांदगावले जाऊ. बाईच्या बाबाले भेटायचं आहे."

रविवारी आम्ही बसने गेलो. बाईंचं घर दोन खणांचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ताजी शेवंती. बाईंचे वडील, सखारामबाबा, बाजेवर बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. आम्हाला पाहून उठायला लागले. ढोमणे सरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले.

"सर, माय इंग्लिश ओन्ली किचन इंग्लिश," म्हातारा संकोचून म्हणाला.

"आय कम फॉर हिअरिंग," सर म्हणाले.

मी चमकलो. सरांचं इंग्रजी उत्तम होतं. पुस्तकी म्हणाल तर माझ्याहून चांगलं. त्या दिवशी मात्र ते दोन तास म्हाताऱ्याशी म्हाताऱ्याच्या इंग्रजीत बोलले. मडमेचा राग, साहेबाची कुत्री, पावसात बिघडलेलं पुडिंग, सगळं ऐकलं. वही उघडली नाही. विमलबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता हसत होत्या.

जेवणं झाल्यावर सरांनी पिशवीतून एक जुनी, कोपरे झिजलेली वही काढली. नमुना वही, पहिली. पहिलं पान उघडलं.

"बाबा, आय रीड वन सेंटेन्स. यू टेलिंग, राँग ऑर राइट."

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. सरांनी वाचलं. "सर, धिस माय बॉय. आय सेट पॉइंट. लाइन क्लिअर. नाऊ यू ड्राइव्ह."

सखारामबाबा विचारात पडले. मग म्हणाले, "नो राँग, सर. फादर सेइंग. फुल फादर इनसाइड." आणि विचारलं, "हूज फादर, सर?"

"माय," ढोमणे सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, कधी इंग्रजीत, कधी वऱ्हाडीत, जसं येईल तसं. त्यांचे वडील मूर्तिजापूरला रेल्वेत सांधेवाले होते. गाडी यायच्या आधी सांधा, म्हणजे पॉइंट, फिरवून रूळ बदलायचे, आणि गाडी निघाली की पुढची लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून फलाटाच्या टोकाला हात वर धरून उभे राहायचे. मुलगा अमरावतीला कॉलेजात गेला, तेव्हा एकदा ते डबाभर मेथीचे लाडू घेऊन त्याला भेटायला आले. गणवेशातच आले. व्हरांड्यात इंग्रजीचे प्राध्यापक समोर आले, आणि वडिलांनी ताठ उभं राहून, येत होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी एकत्र करून हे वाक्य म्हटलं.

"पोट्टे हसले," सर म्हणाले. "मी हसणाऱ्यात होतो. वर मी काय केलं, तर सगळ्याइपुढे बाबाचं वाक्य दुरुस्त करून सांगितलं. व्याकरणासकट. मोठा शहाणा. बाबा म्हणे, 'बरं बाप्पा.' डबा ठेवला अन्‌ गेले. त्याच्यानंतर माह्याशी कधीच इंग्रजी बोलले नाई. दहा वर्षं जगले. एक शब्द नाई."

सखारामबाबांनी हात पुढे करून सरांच्या पाठीवरून फिरवला, आपल्याच पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सरांनी तो फिरवू दिला.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. सरांनी ती वही मांडीवर उघडी ठेवली होती. मी वाकून पाहिलं. नमुना, कोणी म्हटला, कुठे, कशापायी, सगळे रकाने भरलेले. शेवटचा मात्र कोरा. समजलं का? याच्याखाली इतक्या वर्षांत त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

सरांनी कानावरची पेन्सिल काढली. बस हिसके देत होती, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं. समजलं, असं त्यांनी लिहिलं. मग थोड्या वेळाने त्याच्यापुढे आणखी एक शब्द लिहिला. उशिरा.

वही मिटून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तुरीच्या शेतांवर ऊन उतरत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुनेकर, पुढच्या रविवारी मूर्तिजापूरले येता का? फलाटाच्या टोकाले एक बाक आहे. तिथूनच बाबा हात दाखवत. एकट्याले लय वेळ बसवत नाई आता."

पुण्याच्या उच्चारातलं एकही वाक्य त्या वेळी कामाचं नव्हतं, अकोल्याचंही सुचेना. मी उजवा हात खांद्याच्या वर सरळ धरला. कंडक्टरला वाटलं मला उतरायचं आहे. त्याने घंटी मारली, बस थांबली, आणि सर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हसले.